कर्णाच्या डोक्यावरचा मुकुट

पौराणिक चित्रपट आपल्या घरात पाहावेत की नाही, हा प्रश्न वस्तीवस्तीतून आम्हाला विचारला जातो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात राम-कृष्णाचा सिनेमा लागला तर प्रतिज्ञा मोडते काय? आमचे उत्तर सरळ आहे. हात जोडून पाहिला तर मोडते, डोळे उघडे ठेवून पाहिला तर मोडत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी वेद, स्मृती, पुराणे वाचली नसती तर ‘रिडल्स’ लिहिले कसे असते? तेव्हा भिऊन तोंड फिरवण्याचे कारण नाही. मात्र पडद्यावर कोण काय बोलतो, का बोलतो आणि बोलून झाल्यावर काय करतो, इकडे नीट लक्ष हवे.

याच हिशेबाने आज एका तेलुगू चित्रपटाविषयी लिहीत आहोत. ‘दानवीर शूर कर्ण’ हे त्याचे नाव. १४ जानेवारी १९७७ रोजी, संक्रांतीला तो लागला. निर्माते एन. टी. रामाराव, दिग्दर्शकही तेच, आणि पडद्यावर कर्ण, दुर्योधन व कृष्ण या तिन्ही भूमिकाही त्यांच्याच! जवळजवळ पावणेचार तासांचा हा सिनेमा. त्याच संक्रांतीला महाभारतावरचा ‘कुरुक्षेत्रम्’ हा दुसरा मोठा चित्रपटही लागला होता. परंतु लोकांच्या तोंडी राहिला तो रामारावांचा. आणि कर्णापेक्षा जास्त राहिला त्यातला दुर्योधन.

याचे कारण एक संवाद. लिहिणारे कोंडवीटि वेंकटकवी. राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेत कर्ण पुढे येतो. आचार्य त्याचे कुळ विचारतात. कर्णाची मान खाली जाते. तेव्हा दुर्योधन उठतो आणि एका दमात भरसभेची वंशावळ उलगडून ठेवतो. परीक्षा शौर्याची की जातीची, असे तो आधी विचारतो. मग आचार्यांनाच म्हणतो की आपण मडक्यातून जन्मलात, आपले कुळ कोणते? भीष्म गंगेच्या पोटचा, त्याचे कुळ कोणते? मूळपुरुष वसिष्ठ उर्वशीचा मुलगा. त्याची बायको अरुंधती पंचम जातीची, म्हणजे आपल्या भाषेत अतिशूद्र. पुढे शक्ती, पराशर, कोळ्याच्या मुलीच्या पोटी व्यास, व्यासापासून नियोगाने धृतराष्ट्र आणि पंडू, आणि घरातल्या दासीच्या पोटी विदुर. आमचा कुरुवंश कधीचाच सरमिसळ होऊन बसला आहे, मग आज हे कुळ कुळ कशासाठी, असा त्याचा सवाल आहे. तेलुगू मुलुखात हा संवाद आजही लोक तोंडपाठ म्हणून दाखवतात. भाषा संस्कृतने ठासून भरलेली असली तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आमच्याही आला. अन्यायाची चीड असलेल्या माणसाला असे वाटणारच.

पण हा युक्तिवाद काही दुर्योधनाच्या घरचा नव्हे. आपल्या परंपरेत तो फार जुना आहे. अश्वघोषाच्या नावावर असलेल्या ‘वज्रसूची’त ऋषींच्या जन्माचे हेच दाखले देऊन जन्मजात ब्राह्मण्याचा बुडबुडा फोडला आहे. दीघनिकायातले अंबट्ठ सुत्त तर प्रत्येक घरात वाचले जावे. अंबट्ठ नावाचा तरुण ब्राह्मण तथागतांसमोर येतो आणि शाक्यांना हलके म्हणून हिणवतो. तथागत त्याचे गोत्र विचारतात आणि सांगतात की ज्या कण्हापासून तुझे कुळ निघाले तो ओक्काक राजाच्या दिसा नावाच्या दासीचा मुलगा होता. अंबट्ठ गप्प होतो. मग त्याचेच सोबती ओरडू लागतात, हा तर दासीपुत्राच्या कुळातला! इथे तथागत काय करतात ते पाहा. ते त्या पोरांना थांबवतात. दासीपुत्र म्हणून त्याला फार खाली पाडू नका, तो कण्ह पुढे थोर ऋषी झाला, असे समजावतात. गर्व उतरवला, पण माणूस तुडवू दिला नाही. नंतर सांगितले काय, तर विद्या आणि आचरण यांनी माणूस श्रेष्ठ ठरतो. तिथे गोत्र विचारायचे कारणच नाही.

दुर्योधन एवढे बोलून शेवटी काय करतो? कर्णाला अंगदेशाचा राजा करतो. म्हणजे सूतपुत्राने राजपुत्राशी लढू नये हा नियम तसाच राहिला, फक्त एका सूतपुत्राच्या डोक्यावर मुकुट आला. त्या सभेबाहेर घोडे खाजवणारे, रथ हाकणारे जे बाकीचे सूत होते त्यांचे काय? त्यांच्यातला एकही त्या दिवशी वर आला नाही. आणि कर्ण तरी मोकळा झाला काय? त्या मुकुटाचे ऋण तो जन्मभर फेडत राहिला. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना चालली तेव्हा तो दुर्योधनाच्या बाजूने होता. मिंधा झालेला माणूस दुसरे काय करणार?

मूळ महाभारतातला एक प्रसंग इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अभिषेक होतो न होतो तोच म्हातारा अधिरथ काठी टेकत, घामाघूम होऊन, अंगावरचे उपरणे सावरत सभेत येतो. कर्ण धनुष्य ठेवतो आणि अभिषेकाच्या पाण्याने ओले असलेले डोके बापाच्या पायावर ठेवतो. म्हातारा गडबडीने आपले पाय उपरण्याने झाकून घेतो आणि पोराला पोटाशी धरून रडतो. लगेच भीम हसतो, म्हणतो तुझ्या कुळाला चाबूकच शोभतो. अख्ख्या महाभारतात आम्हाला आपला वाटतो तो हा अधिरथ. त्याला बसायला जागा दिली असे व्यासांनी काही लिहिलेले नाही.

आणि पुढची खरी लबाडी तर अजून राहिलीच. कर्ण एवढा शूर, एवढा दानी कसा? कारण तो मुळात कुंतीचा मुलगा! रक्त क्षत्रियाचे! जे शौर्य सारथ्याच्या घरात, राधेच्या दुधावर वाढले ते शेवटी पुन्हा राजवाड्याच्या नावावर जमा केले. आपल्या मराठीत ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ वाचून आम्हीही एकेकाळी हळहळलो आहोत. पण कर्ण ‘खरा कोण’ हे कळल्यावर जी हळहळ वाटते, तीत जातीचे विष किती आहे हे तपासले पाहिजे. तो खरोखर सूतपुत्रच असता तर आपली हळहळ कमी झाली असती काय?

याच्या शेजारी विनयपिटकातला उपाली ठेवून पाहा. शाक्य कुमार प्रव्रज्येला निघाले. सोबत त्यांचा न्हावी उपाली. कुमारांनी तथागतांना विनंती केली की याला आमच्या आधी प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. उपालीला कोणी राजा केले नाही, कोणी त्याचे गुप्त क्षत्रिय रक्त शोधून काढले नाही. न्हावी तो न्हावीच होता आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत संपूर्ण विनय त्याने सांगितला.

आता चित्रपटाबाहेरचे. रामारावांनी २९ मार्च १९८२ ला तेलुगू देशम पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. दोन रुपये किलो तांदूळ दिला, गरिबांनी त्यांचे नाव घेतले, ते योग्यच. परंतु त्यांच्याच राजवटीत, तेव्हा प्रकाशम जिल्ह्यात असलेल्या कारमचेडू गावी १७ जुलै १९८५ रोजी काय झाले? मादिगा, म्हणजे चामड्याचे काम परंपरेने ज्यांच्या माथी मारले गेले तो समाज. त्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात जमीनदारांच्या पोरांनी म्हशींसाठी घाण केली. एका मुलाने हटकले, त्याला मार पडू लागला, तेव्हा पाण्याला आलेल्या एका बाईने हातातला हंडा उगारला. दुसऱ्या दिवशी सकाळी कम्मा जमीनदारांचा जमाव मादिगा वस्तीवर चालून आला. सहा माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. कुळ विचारायचे नाही हा सवाल ज्या पडद्यावर गाजला, त्या पडद्यापुढे या गावचे लोकही बसले असतील. महाडला आपण चवदार तळ्याचे पाणी प्यालो ते १९२७ साली. त्याला तेव्हा अठ्ठावन्न वर्षे होऊन गेली होती.

मादिगांनी गाव सोडले. बायकापोरांसह ते चिरालाला गेले आणि तिथे छावणी करून राहिले. तिथूनच कत्ती पद्माराव आणि बोज्जा तारकम यांच्या पुढाकाराने आंध्रची दलित महासभा उभी राहिली. गावात परत चला, आम्ही सांभाळून घेऊ, असल्या बोलण्याला ते भुलले नाहीत. त्यांनी चिरालातच घरे बांधली.