पाऊण तास, एक विषय

कल्याणहून सुटलेली जलद लोकल मुंबईला पोहोचायला साधारण तास घेते. गर्दीच्या वेळी पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, कान तेवढे मोकळे असतात. त्या तासात मी बीबीसी रेडिओ फोरचा ‘इन अवर टाइम’ हा कार्यक्रम ऐकत आले आहे, आणि प्रत्येक भाग संपला की तोच प्रश्न पडतो: हे मराठीत का नाही?

रचना अगदी साधी आहे. एक सूत्रसंचालक, विषयात हयात घालवलेले तीन अभ्यासक आणि सुमारे पाऊण तास. मेल्विन ब्रॅग यांनी हा कार्यक्रम १९९८ साली सुरू केला आणि २०२५ पर्यंत चालवला. विषय कधी शून्य, कधी सम्राट अशोक, कधी प्रकाशसंश्लेषण. पाहुण्याच्या बालपणाची चौकशी नाही, त्याच्या नव्या पुस्तकाची जाहिरात नाही. कुणी पाल्हाळ लावले की ब्रॅग त्याला मुद्द्यावर आणत. श्रोत्याला विषयाची माहिती नसेल हे तिथे गृहीत धरलेले असते. त्याला तो झेपणार नाही, असे कुणी मानत नाही. हा आदर मला फार मोठा वाटतो.

पॉडकास्टमध्ये मूळ प्रसारणानंतरची काही मिनिटेही जोडलेली असतात. काय सांगायचे राहिले, असे ब्रॅग विचारत. मग तिघे सैल होऊन बोलू लागतात, एकमेकांना खोडतात, पुरावा कुठे तोकडा पडतो ते सांगतात. शेवटी निर्माता येऊन चहा की कॉफी विचारतो. अभ्यास कसा चालतो हे मला वर्गात कळले नव्हते इतके या मिनिटांत कळले.

मराठीत पॉडकास्ट पुष्कळ निघतात, काही उत्तमही आहेत. पण बहुतेकांचा पाया गप्पांचा. दोन-दोन तास चालणाऱ्या मुलाखतीत अनुभव भरपूर आणि विषय पुसट. ऐकणाऱ्याला एवढेच पुरते, हे मला मान्य नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. गंभीर विषय कान देऊन ऐकायची सवय या समाजाला तेव्हापासूनची आहे.

विषय तर दाराशी आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकऱ्यांचे गाव. तिथली माणसे दगावलेल्या बाळाला दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसाला पुरताना बहुधा त्याची पावले तोडत. का? घरातला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून, की आणखी कशासाठी? सविस्तर अहवाल इंग्रजीत आहे आणि ग्रंथालयात आहे. शिरूरच्या मुलाने तो कुठे आणि कसा वाचावा? नाणेघाटातला सातवाहनांचा लेख, महानुभावांची सकळा लिपी, १९७२चा दुष्काळ, सह्याद्रीचा काळा पाषाण, या सगळ्यांवर बोलू शकणारी माणसे आपल्याच विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत आहेत. त्यांना मराठीत बोलायला बोलावणारे कुणी नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्त जे करायचे ते करावेच, पण एवढे एक आधी व्हावे. विद्यापीठाने करावे, आकाशवाणीने करावे, नाहीतर चार हौशी तरुणांनी करावे. लागते काय? एक शांत खोली, चार माइक आणि आठवडाभर वाचून येणारा सूत्रसंचालक. यातले शेवटचेच अवघड आहे, तेव्हा मानधन त्याला आधी द्या. आणि पहिला भाग इनामगाववर करा.