अरण्यांतील अतिथि

गेल्या माघांत नातवंडांसह लेण्याद्रीस जाण्याचा योग आला. अष्टविनायकांपैकीं डोंगरावर वसलेला हा एकच गणपति. कुकडीच्या खोऱ्याकडे तोंड करून सुमारें तीस बौद्ध लेणीं येथें कोरलेलीं असून त्यांतील सातव्यांत गिरिजात्मज विराजमान आहे. एकाही खांबाचा आधार नसलेला तो प्रशस्त मंडप पाहून मुलें थक्क झालीं.

उतरतांना मात्र एक प्रकार घडला. पायऱ्यांवरील माकडांस फुटाणे घालणें हें मी आजवर पुण्यकृत्यच मानीत आलों. या खेपेस एका माकडानें धाकट्या नातीच्या हातांतील पुडी हिसकावली आणि तिच्या मनगटावर ओरखडा उमटला. थोरला नातू म्हणाला, "आजोबा, त्याला हें शिकविलें कोणीं?" जन्मभर विद्यार्थ्यांस प्रश्न विचारणाऱ्या मला उत्तर सुचेना. जखम साबणानें धुऊन मुलीस तडक डॉक्टरांकडे नेलें. असा ओरखडा क्षुल्लक समजूं नये.

दुसरे दिवशीं आंबेगांव तालुक्यांतून भीमाशंकरास गेलों. तेथील सुमारें १३० चौरस किलोमीटर रान १९८५ सालीं अभयारण्य म्हणून घोषित झालें. शेकरू हें त्या रानाचें भूषण व महाराष्ट्राचा राज्यप्राणी. मोठ्या वृक्षांच्या शेंड्यांजवळ तें काटक्यापानांचें घरटें बांधतें आणि जमिनीवर क्वचितच उतरतें. फांदीवरून फांदीवर झेप घेणें हाच त्याचा प्रवास. मधलीं चार झाडें तुटलीं, कीं त्याचा राजमार्गच तुटला!

आम्ही अर्धा तास निःशब्द बसलों. प्रथम दिसलें तें मनगटास पट्टी बांधलेल्या नातीलाच: तांबूस पाठ, पिवळसर पोट, झुबकेदार शेपूट. तिनें बोटानें खुणावलें आणि दुसऱ्या हातानें आपलीं बिस्किटें हळूच पिशवींत लपविलीं. त्या क्षणीं मला माझें उत्तर मिळालें.

काळोख पडण्यापूर्वींच आम्ही परतलों. जुन्नर-आंबेगांवच्या उसांतून बिबट्यांचा वावर असल्यामुळें हा नियम मुलांबाळांसह जाणारांनीं पाळावाच.

शाकुंतलांत तपोवनीं शिरतांना दुष्यंत आपले अलंकार व धनुष्य सारथ्याच्या स्वाधीन करतो. हा प्रसंग मी वर्गांत कितीदां तरी शिकविला. त्याचा अर्थ मात्र भीमाशंकरीं कळला. धनुष्य आपणांपाशीं नाहीं. पण फुटाण्यांची पुडी आणि मोठा आवाज आहे. वाचकहो, वनांत जाल तेव्हां हीं दोन शस्त्रें घरींच ठेवा.