कासेतून शिरलेला फ्लू

अमेरिकेतील टेक्सास राज्यात २०२४ च्या सुरुवातीला दुधाच्या गोठ्यांमध्ये एक न उलगडणारा आजार पसरू लागला. गायी चारा कमी खाऊ लागल्या, दूध एकदम आटले आणि जे निघत होते ते घट्ट, पिवळसर, नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकासारखे होते. कासदाहाच्या नेहमीच्या तपासण्यांत काही सापडेना. धागा मिळाला तो मांजरांमुळे. गोठ्यातले कच्चे दूध पिणारी मांजरे आंधळी होऊन, झोकांड्या खात मरू लागली होती. मेलेल्या मांजरांच्या मेंदूत आणि आजारी गायींच्या दुधात एकच विषाणू निघाला: बर्ड फ्लूचा एच५एन१. अमेरिकेच्या कृषी खात्याने २५ मार्च २०२४ रोजी ही गोष्ट जाहीर केली. ‘ए’ गटातील फ्लू गायींना जवळपास होतच नाही, असा तोवरचा समज होता. पुढच्या सव्वा वर्षात हा आजार सतरा राज्यांतील हजाराहून अधिक कळपांपर्यंत पोचला.

हा विषाणू गायीत शिरला कसा, याचे उत्तर कासेत आहे. फ्लूचा विषाणू पेशीत घुसण्यापूर्वी तिच्या पृष्ठभागावरील साखरेच्या एका विशिष्ट रेणूला चिकटतो. पक्ष्यांच्या पेशींवर हा रेणू एका पद्धतीने जोडलेला असतो, तर माणसाच्या नाक-घशात तो बहुतांशी वेगळ्या पद्धतीने. कुलूप वेगळे असल्याने पक्ष्यांची किल्ली माणसाच्या नाकात सहसा लागत नाही. गायीच्या कासेत मात्र पक्ष्यांसारखी कुलपे भरपूर आहेत. हे २०२४ पूर्वी कोणी तपासण्याची गरज भासली नव्हती, कारण फ्लू हा श्वसनाचा रोग आणि कास हा काही श्वसनाचा अवयव नव्हे.

पण एका गायीच्या कासेत विषाणू वाढला म्हणजे साथ आली असे होत नाही. गायी काही कासेने शिंकत नाहीत. पुढचा रस्ता माणसाने पुरवला. दूध काढण्याच्या यंत्राचे कप एका गायीच्या सडांवरून निघून दुसरीच्या सडांना लागतात आणि बाधित गायीच्या दुधात विषाणू प्रचंड प्रमाणात असतो. त्यातून दुभती जनावरे ट्रकमध्ये भरून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याचा तिकडे मोठा व्यवसाय आहे. टेक्सासमधील विषाणू मिशिगन, आयडाहो, ओहायोपर्यंत गेला तो या गायींबरोबर. हवेतून पसरण्याची कला त्याला शिकावीच लागली नाही.

प्राण्यांतील फ्लूच्या इतिहासात हे नवे नाही. फ्लोरिडात २००४ मध्ये शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत खोकल्याची साथ आली, काही कुत्री दगावली. तो विषाणू एच३एन८ होता, म्हणजे घोड्यांचा जुना फ्लू. कुत्र्यांत तो वर्षानुवर्षे टिकला, पण मुख्यतः तिथेच, जिथे एका छपराखाली बरीच कुत्री असतात आणि रोज नवी येतात: निवारा केंद्रे, श्वानगृहे. घराघरांत एकेकट्या राहणाऱ्या कुत्र्यांत त्याला फारशी वाट मिळाली नाही आणि पुढे तो विरत गेला. विषाणूच्या अंगी किती बदल झाले, याइतकेच महत्त्व त्याला पाठोपाठ किती नवी शरीरे मिळाली याला आहे, हे या उदाहरणावरून दिसते. बातम्यांमध्ये मात्र पहिल्याच प्रश्नाची चर्चा होते.

अर्थात बदल होतात आणि त्यांच्याकडे लक्ष हवेच. पेशीत शिरल्यावर विषाणूला आपल्या प्रती काढण्यासाठी यजमानाची यंत्रणा वापरावी लागते. पक्ष्यांचा विषाणू सस्तन प्राण्याच्या पेशीत हे काम रडतखडत करतो. त्याच्या ‘पीबी२’ नावाच्या प्रथिनात नेमक्या जागी एक बदल झाला की गाडी सुरळीत चालते. गायींमधील विषाणूत असा एक बदल रुळला आहे आणि टेक्सासमधील पहिल्या बाधित कामगाराच्या नमुन्यात याच प्रथिनातला आणखी एक, जुन्या ओळखीचा बदल आढळला. माणसाच्या नाकातील कुलपाला किल्ली बसण्यासाठी गायींमधील या विषाणूला एकच बदल पुरेल, असे २०२४ च्या अखेरीस प्रयोगशाळेतील कामातून दिसले. प्रयोगशाळेत एका प्रथिनावर जे दिसते ते जिवंत साथीत घडेलच असे नाही. माणसापासून माणसाला लागण झाल्याचे अमेरिकेतील या साथीत दिसलेले नाही.

दुसरा मार्ग अदलाबदलीचा. फ्लूच्या विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले तर हे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात. डुकरांमध्ये ही मिसळण नेहमी चालते. पुण्याने २००९ च्या ऑगस्टमध्ये ज्या स्वाइन फ्लूची धास्ती घेतली, त्याच्या जनुकांत पक्षी, डुक्कर आणि माणूस अशा तिन्हींच्या फ्लूंचा वारसा होता. तोच विषाणू पुढे माणसांकडून पुन्हा डुकरांकडे गेला, तोही अनेकदा.

गायींचा प्रकार एकदाच घडलेला अपघात होता, असे मानण्याचीही सोय राहिलेली नाही. २०२५ च्या सुरुवातीला नेवाडा आणि ॲरिझोनातील गायींत एच५एन१ चा वेगळा वाण सापडला. म्हणजे पक्ष्यांकडून तो पुन्हा नव्याने आला होता.

महाराष्ट्राला हा विषाणू अपरिचित नाही. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या कोंबड्यांत झाला. २०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तेही एच५एन१ने. खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसातून लागण झाली असावी, असा संशय होता. मेळघाटात २०१९ मध्ये एका तान्ह्या मुलात पक्ष्यांचाच एच९एन२ हा फ्लू आढळला. मूल बरे झाले. पण तो सापडला एका वेगळ्याच श्वसनरोगाच्या पाहणीत घेतलेल्या नमुन्यांमुळे. ती पाहणी चालू नसती तर कागदोपत्री ते ‘सर्दी-ताप’ म्हणूनच राहिले असते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी धार हाताने काढली जाते, पण तोच हात एका गाईकडून दुसरीकडे जातो. परसात कोंबड्या, गोठ्याच्या दाराशी धारेच्या दुधाची वाट पाहणारे मांजर, हे चित्र खेडोपाडी आहे. दूध उकळून पिण्याची घरोघरची सवय मोठेच संरक्षण आहे, उकळीला हा विषाणू टिकत नाही. धारोष्ण दुधाचे कौतुक मात्र आता थांबवलेले बरे. अमेरिकेने डिसेंबर २०२४ पासून दुधाच्या साठ्यांतील नमुने देशभर तपासायला घेतले. गावोगावचे दूध एका संकलन केंद्रात जमा होते, तिथून टँकर भरतो. ही व्यवस्था आपल्याकडे तयारच आहे. टँकरमागे एक नमुना घेऊन पाळत ठेवणे गोठोगोठी फिरण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

दुसरी उणीव दवाखान्यांतली. अमेरिकेत २०२५ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे ७० माणसांना लागण झाली. त्यांतील बहुतेक गोठ्यांत वा कोंबड्यांच्या शेडमध्ये काम करणारे होते आणि गोठ्यांतील कामगारांची मुख्य तक्रार खोकल्याची नव्हती, लाल झालेल्या डोळ्यांची होती. मानवी डोळ्याच्या आवरणात पक्ष्यांसारखी कुलपे असतात आणि धार काढताना दुधाचे शिंतोडे तोंडावर उडतात. आपल्याकडे असा माणूस नेत्रविभागाच्या रांगेत उभा राहील, थेंबांची बाटली घेईल आणि घरी जाईल. ‘डोळे आले’ एवढीच नोंद होईल. घरी जनावरे आहेत का, त्यांतले कुठले आजारी आहे का, कोंबड्या मेल्या का, हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. केसपेपरवर त्यासाठी रकाना नाही.