माडाखालची कोंबडी

मालाडच्या पश्चिमेला मार्वे, आक्सा, मढ या पट्ट्यात अजून थोड्या वाड्या शिल्लक आहेत. 1957 साली मालाड मुंबई महापालिकेत गेलं, पुढे वाड्यांचे प्लॉट झाले नि प्लॉटांचे टॉवर. ते रडगाणं मी गाणार नाही. माझं भांडण आहे ते उरल्यासुरल्या वाडीतनं कोंबडी हाकलायला निघालेल्या शहाण्यांशी.

म्हणे, कोंबड्या माडाची मुळं उकरतात. अहो, माडाला सोटमूळ नसतंच. बुंध्यातनं दोरीसारखी शेकडो मुळं चहूकडे जातात. कोंबडीची नखं वरची दोन बोटं माती हलवतात. तेवढ्यानं माड मरता तर कोकणात नारळ दिसला नसता. नवं रोप असेल तर ती आळं विस्कटते, हे खरं. मग रोपाभोवती दगड रचा, काटेरी फांद्या टाका. सर्दी झाली म्हणून कुणी नाक कापतं का?

माडाचा खरा वैरी गेंड्या भुंगा. रात्री येतो नि शेंड्याचा कोवळा कोंब पोखरतो. पुढे पान उघडलं की कात्रीनं कापल्यासारखं दिसतं. हा जन्मतो कुठं? तुमच्याच शेणखताच्या ढिगात नि कुजक्या खोडात. पांढऱ्या, जाड अळ्या तिथं महिनोन्‌महिने पोसतात. खत वरखाली करा नि कोंबड्या सोडा. दुसरं फावडं मारायच्या आत अळी चोचीत गेलेली असते. शेजारच्या पडीक वाडीतले भुंगे उडून येणारच, पण घरची पैदास तरी मोडते. वर चढून तारेच्या हुकानं भुंगा काढणारा माणूस आज शोधून मिळत नाही. कोंबडी खालचं काम फुकट करते, वर अंडं देते.

पिंजऱ्यात ठेवा म्हणतात. पिंजऱ्यातली कोंबडी अळी कशी वेचणार? तिची शीट उष्ण, ताजी ढिगानं बुंध्याशी टाकली तर मुळं भाजतात. फिरती कोंबडी ढीग करतच नाही, वाडीभर थोडं थोडं पेरत जाते.

शेजारच्या एका सोसायटीतले गृहस्थ आले, "काका, तुमचा कोंबडा पहाटे आरवतो, झोपमोड होते." त्यांच्या आवारात रॉयल पामची रांग. मूळ क्युबाकडचं झाड. त्याला ना नारळ, ना सोडण, ना खराट्याला हीर. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकलेले, गळालेलं पान कचऱ्याच्या गाडीत. लग्नाचा डीजे मध्यरात्रीपर्यंत चालतो, तेव्हा मात्र झोप मोडत नाही.

2017 साली चेंबूरला माड कोसळून एका बाईंचा जीव गेला. तेव्हापासून माड दिसला की लोक वर बघतात. बघावंच. पण बुंध्याकडं कोण बघतो? ज्या माडाखाली रोज कुणी दाणे टाकायला जातो, त्याचा बुंधा पोखरायला लागला, भुसा गळायला लागला, तर त्या माणसाला लवकर कळतं. सिमेंटमध्ये चिणलेल्या माडाकडं वर्षातनं एकदा, नारळ काढायच्या दिवशी बघतात.

तेव्हा माड ठेवायचा तर पुरता ठेवा: उघडी माती, शेणखत, कोंबडी नि रोज खाली फिरणारा माणूस. नुसती शोभा हवी असेल तर बाजारात प्लास्टिकचा मिळतो. त्याला भुंगा लागत नाही, नि नारळही.