'फजर'चे आठ विद्यार्थी
सामाजिक जबाबदारीवर बोलायला देशोदेशीचे विद्यार्थी सिंगापुरात परिषदेसाठी जमतात, तेव्हा त्यांना 'फजर' खटला सांगितला पाहिजे. १९५४ साली तिथल्या मलाया विद्यापीठातल्या आठ विद्यार्थ्यांवर, आपल्या 'फजर' या नियतकालिकात वसाहतवादावर टीका केली म्हणून, ब्रिटिशांनी राजद्रोहाचा खटला भरला. लोकमान्यांवर लावला होता तोच आरोप. बचावाला लंडनचे बॅरिस्टर प्रिट आणि तरुण वकील ली क्वान यू उभे राहिले. विद्यार्थी सुटले, ली पुढे पंतप्रधान झाले. आज त्याच शहरात निदर्शनांसाठी राखून ठेवलेल्या हाँग लिम पार्कबाहेर निदर्शनांना परवाना लागतो, परदेशी विद्यार्थ्याला तर त्या उद्यानातही. सामाजिक जबाबदारी म्हणून रक्तदान, स्वच्छता मोहिमा हव्यातच. पण अन्यायाविरुद्ध बोलणे हीसुद्धा जबाबदारीच आहे, असे परिषदेच्या ठरावात स्पष्ट लिहिले जावे.