रम गोडच हवी?

रम म्हटली की आपल्याकडे एकच चित्र असतं: काळपट रंग, गोडसर वास आणि वरून कोला. या तयारीने जपानी उसाच्या रसाची तीव्र रम तोंडाला लावणाऱ्याची पहिल्याच घोटाला फसगत होते. अलीकडे चाखलेली अशी एक रम मद्यांशाने 50 टक्क्यांच्या पुढची होती. पेल्यात पाण्यासारखी नितळ. नाकाशी नेली की आधी ताज्या कापलेल्या उसाचा हिरवा वास, आणि मागोमाग चक्क खारवलेल्या ऑलिव्हचा. गोडवा औषधालाही नाही. जिभेच्या शेंड्याला चटका बसतो. तो ओसरला की तोंडात किंचित खारट, गवताळ चव बराच वेळ रेंगाळते. फेणीच्या पहिल्या वासाला नाक मुरडणाऱ्यांनी इकडे फिरकू नये.

याचं मूळ कच्च्या मालात आहे. जगातली बहुतेक रम मळीची, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेल्या मालाची. थेट रसाची रम हा मार्टिनिकसारख्या फ्रेंच बेटांचा बाणा. तिथल्या रमला 1996 साली फ्रान्सने वाइनसारखा उगमस्थानाचा दर्जाही दिला. पण रस थांबत नाही. सकाळचा रस दुपारी आंबतो हे कोणताही रसवंतीवाला सांगेल. म्हणजे भट्टी उसाच्या फडाशेजारी हवी आणि पेटणार ती फक्त तोडणीच्या हंगामात.

जपानमध्ये हा खटाटोप मिनामी दाइतो बेटावर चालतो. ओकिनावाच्या मुख्य बेटापासून सुमारे 360 किलोमीटर पूर्वेला, चारही बाजूंनी प्रवाळखडकाचे कडे. बोट धक्क्याला लागत नाही म्हणून माणसांनासुद्धा पिंजऱ्यात बसवून क्रेनने उचलून घेतात. 1900 सालापर्यंत इथे वस्तीच नव्हती. मग हाचिजो बेटावरून माणसं आली, त्यांनी रान तोडलं, ऊस लावला. पुढची कित्येक दशकं अख्खं बेट साखर कंपनीच्या मालकीचं होतं. कसणाऱ्यांच्या नावावर जमीन लागली ती 1964 साली. अशा ठिकाणी 2004 मध्ये युको किंजो या दूरसंचार कंपनीतल्या नोकरदार बाईंनी कंपनीच्याच नवउद्योग योजनेतून 'ग्रेस रम' काढली आणि जुन्या विमानतळाच्या इमारतीत भट्टी लावली. त्यांच्यावरून माहा हारादा यांनी कादंबरी लिहिली, 2025 मध्ये तिचा चित्रपटही आला. 'कोर कोर' नावाच्या या रमची लाल लेबलची बाटली मळीची, हिरव्या लेबलची रसाची. रंग नाही, वरून घातलेला स्वाद नाही. या नेहमीच्या बाटल्या मात्र 40 टक्क्यांच्याच.

तीव्र मद्य ही जपानची रीत नव्हेच. शोचू ही तिकडची नेहमीची दारू साधारण 25 टक्क्यांची, आणि तीतही पाणी घालून जेवणासोबत पितात. योनागुनी बेटाची 60 टक्क्यांची हानाझाके हा अपवाद. म्हणूनच तिथल्या उसाच्या रसाची पन्नाशीपुढची रम हाती आली की पहिला प्रश्न येतो, ही मर्दुमकी कशाला? मर्दुमकी नाही. वासाची कित्येक द्रव्यं मद्यार्कात विरघळलेली राहतात. पाणी वाढलं की त्यातली काही सुटी होतात आणि मद्य गढुळतं. बाटली स्वच्छ दिसावी म्हणून कारखानदार ते गाळून काढतो आणि गढूळपणाबरोबर थोडी चवही जाते. तीव्र बाटलीत पाणी किती घालायचं हे पिणारा ठरवतो. चमचाभर पाणी घालून पाहा. चटका निवतो आणि मघाशी दडलेला ऊस वर येतो. घोट मात्र लहानच घ्यावा. अशी रम पेल्यावर पेले रिचवण्यासाठी नसते, आणि तसं करणाऱ्याची कीव करावी.

आपल्याकडच्या बाटल्यांवरचा 42.8 हा आकडा चवीने ठरवलेला नाही. इंग्रजांच्या जुन्या मोजमापातले ते 75 अंश, अबकारी खात्याच्या वहीतून आलेले. साहेब गेला, आकडा राहिला. हरियाणातल्या 'कामिकारा'ने रसाची रम 50 टक्क्यांवर विकून वेगळी वाट दाखवली, पण ती एखादीच. एरवी आपल्या रमच्या बाटलीवर मद्यांश ठळक असतो, किंमत ठळक असते, वैधानिक इशारा तर असायलाच हवा. आतला माल रसाचा की मळीचा आणि रंग पिंपातला की वरून घातलेला, हे मात्र बहुतेक वेळा भिंग लावूनही सापडत नाही. मळीची रम वाईट असते असं नाही, उत्तम असते. पण उसाच्या मुलखातल्या गिऱ्हाइकाला पैसे मोजताना एवढं तरी कळायला हवं. कारखानदारांनी या दोन ओळी आपणहून छापाव्यात, आणि न छापल्यास अबकारी खात्याने त्या छापायला लावाव्यात.