उपदेश पालकांना, परवाने दुकानदारांना

दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन पाळला जातो. शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात, मुले शपथ घेतात आणि व्यासपीठावरून पालकांना बजावले जाते की, मुलांशी संवाद साधा. सल्ला योग्यच आहे. प्रश्न आहे तो सल्ला देणाराच्या अधिकाराचा. मादक पेये व द्रव्ये यांच्या बंदीसाठी झटण्याचे कर्तव्य राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने शासनावर टाकले आहे. त्याच शासनाने २०२१ साली चंद्रपूरची दारूबंदी उठवली. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून किराण्याशेजारी वाइन विकण्याचा निर्णय घेतला; लोकांनी विरोध केला म्हणून तो बारगळला. २०२५ च्या जूनमध्ये मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले, तेही वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल मिळावा या हिशेबाने. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी १८८० साली दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला होता. परकी सरकार गेले. तिजोरीची तहान मात्र तीच राहिली!

परंतु एवढे म्हणून थांबणे ही पुरोगामी कार्यकर्त्याची सोयीस्कर पळवाट आहे. 'व्यवस्था बदलल्याखेरीज व्यसन जाणार नाही' या वाक्याला सभेत टाळ्या पडतात. सोळा वर्षांचा मुलगा रात्री तोंडाला वास घेऊन घरी येतो, तेव्हा ते वाक्य कोणत्या उपयोगाचे? व्यवस्था बदलेपर्यंत थांब, असे त्याला सांगता येत नाही.

दोन पाळ्यांत राबणाऱ्या श्रमिकाला मुलाशी बोलायला सवड कोठून मिळणार, असा आक्षेप घेतला जातो. सवड कमी असते हे खरे. पण मुलाचे शिक्षण त्यासाठी थांबत नाही. तंबाखूची पुडी आणायला बाप त्यालाच टपरीवर धाडतो. गटारीच्या रात्री चाळीच्या गच्चीवर काय चालते, हे तो जिन्यातून पाहतो. वरातीत नाचणारा मामा त्याच्या ओठांना पहिला घोट लावतो आणि सारे हसतात. घरात या विषयाची शिकवण रोज चालूच असते. गैरहजर असतो तो फक्त खरा शब्द.

हा शब्द दरडावणीचा असून चालणार नाही. 'एक घोट घेतलास तर मरशील' असे बाप म्हणतो. काल प्यालेला मित्र आज वर्गात हसतखेळत बसलेला असतो. मुलगा एवढेच शिकतो की बाप खोटे बोलतो. मग एम.डी.ची पुडी किंवा व्हाइटनरने भिजवलेला रुमाल पुढे येतो, तेव्हा बापाच्या खऱ्या इशाऱ्यालाही किंमत उरत नाही. मुलाला आधी विचारावे, त्याचे ऐकावे, मग माहीत असेल तेवढेच सांगावे. पगारातले किती पैसे गुत्त्यावर गेले, हेही सांगावे. जो बाप स्वतः पितो त्याने 'मला हे सुटत नाही, म्हणून तू सुरू करू नकोस' एवढे म्हणण्याचे धैर्य दाखवावे. दहा व्याख्यानांपेक्षा ही कबुली मुलाच्या मनात अधिक काळ राहील. हे काम आईवर ढकलून पुरुषाने मोकळे होणे ही समाजवाद्याला न शोभणारी गोष्ट आहे.

मुलगा आधीच अडकला असेल, तर मारझोड आणि लपवाछपवी दोन्ही घातक होत. व्यसन हा आजार आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणने कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतले, ते याच जाणिवेने. पोलिसांच्या धास्तीने घरे गप्प राहतात. पण अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनीला १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच खटल्यापासून संरक्षण आहे. किती वस्त्यांत ही माहिती कार्यकर्त्यांनी पोहोचवली?

बाटली आडवी करण्यासाठी स्त्रियांनी गावोगाव मतदान केले. दुकाने बंद पाडली. तो लढा चालूच राहिला पाहिजे. त्याबरोबर प्रत्येक शाखेने वस्तीत पालकांची बैठक घ्यावी आणि पहिल्या रांगेत पुरुष सभासदांना बसवावे. गुत्त्यासमोर धरणे धरणारा कार्यकर्ता त्याच रात्री मुलासमोर बसून खरे बोलू शकत नसेल, तर त्याच्या घोषणेला गुत्तेवाला घाबरणार नाही आणि मुलगाही ऐकणार नाही.